कुंथलगिरीची पावती आणि जपानचा तांबडा शिक्का

कुंथलगिरीची वंदना करून परतणाऱ्या यात्रेकरूजवळ बहुधा दानाची पावती असते. ती घरच्या वहीत ठेवली जाते आणि वर्षानुवर्षे तशीच राहते. जपानमध्ये या भावनेसाठी स्वतंत्र वहीच आहे. तेथील बौद्ध व शिंतो मंदिरांत तांबडा शिक्का उमटवून त्यावर कुंचल्याने मंदिराचे नाव व दर्शनाची तारीख लिहून देतात. त्यास गोशुइन म्हणतात. दक्षिणा साधारणतः 300 ते 500 येन. धर्मसूत्राची स्वहस्ते केलेली प्रत मंदिरास अर्पण केल्याची पोच, हे तिचे मूळ सांगतात. म्हणजे आधी कृती, मग शिक्का.

हा क्रम उलटला की काय होते, तेही तेथे दिसले. 1 मे 2019 रोजी रेइवा युग सुरू झाले. त्या तारखेच्या शिक्क्यासाठी टोकियोच्या मेइजी मंदिरात लोक तासन्‌तास रांगेत उभे राहिले आणि लगोलग ते कागद ऑनलाइन लिलावात विक्रीस आले. आता याच कल्पनेवरून संगणकीय शिक्केही निघू लागले आहेत. ते ब्लॉकचेनवर नोंदलेले असतात. मालकाची गुप्त किल्ली हरवली, की शिक्काही हातचा गेला.

उद्या आपल्या धाराशिव जिल्ह्यातही असा प्रस्ताव येऊ शकेल. कुलभूषण-देशभूषण मुनींचे निर्वाणस्थान कुंथलगिरी, तेरचे महावीर मंदिर, धाराशिवची पार्श्वनाथ लेणी, अशी मालिका सहज जुळते. परंतु व्यापारी घराने प्रथम हिशेब पाहावा. 2022 च्या वित्त कायद्यानुसार आभासी डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे, तोटा अन्य उत्पन्नातून वजा होत नाही आणि 1 जुलै 2022 पासून व्यवहारावर 1 टक्का करकपातही लागू आहे.

मला मात्र कराहून परिग्रहाची चिंता अधिक वाटते. आचार्य शांतिसागर महाराजांनी 18 सप्टेंबर 1955 रोजी याच कुंथलगिरीवर सल्लेखनापूर्वक देह ठेवला. जेथे देहाचेही ममत्व सोडले गेले, तेथील स्मरणचिन्हाचा भाव बाजारात ठरावा, हे मनाला पटत नाही. तरी तरुणांचा उत्साह मोडू नये. शिक्का काढावयाचाच असेल, तर तो विकता वा हस्तांतरित करता न येणारा असावा, विनामूल्य असावा, त्यावर तारीख असावी आणि डोंगर चढून दर्शन घेतलेल्यालाच तो मिळावा. कागदी पावती तर चालू राहीलच. आजीला मोबाइल उघडता येत नाही, वही उघडता येते.