अर्जातील निबंधाचा विषय

अमेरिकेतील महाविद्यालयांत प्रवेश मागणाऱ्या विद्यार्थ्याला गुणपत्रिका, शिक्षकांची शिफारसपत्रे आणि शाळेबाहेरील उपक्रमांची यादी यांच्या जोडीला स्वतःविषयीचा एक निबंध बहुधा पाठवावा लागतो. आणि ज्याने आजवर बारावीचे गुण व सीईटीची गुणवत्तायादी एवढ्यावरच प्रवेशाचा निकाल लागताना पाहिला, त्या पुण्या-मुंबईच्या मुलाला अर्जाचा हाच भाग सर्वांत परका वाटतो. एक हजाराहून अधिक संस्था स्वीकारतात तो ‘कॉमन अ‍ॅप’ हा सामायिक अर्ज १९७५ साली सुरू झाला. त्यातील निबंधाची मर्यादा २५० ते ६५० शब्दांची असून सुचविलेल्या सात विषयांपैकी शेवटचा म्हणजे अर्जदाराच्या पसंतीचा कोणताही विषय होय. शाळेत फळ्यावर लिहून दिलेल्या विषयावर निबंध लिहिण्याची सवय जडलेला मुलगा अडतो तो नेमका या मोकळिकीपाशी.

मग पारितोषिक, स्पर्धा, आजारपण, परदेशप्रवास अशा ठळक प्रसंगांकडे त्याचे मन धावते. परंतु त्याच अर्जात दहा उपक्रमांच्या नोंदीसाठी स्वतंत्र रकाने असतात, आणि पारितोषिकाची हकिकत तेथे दाखल झालेली असताना तीच निबंधात विस्ताराने सांगितली, तर वाचणाऱ्याच्या ज्ञानात काडीचीही भर पडत नाही. न्यू जर्सीत वाढलेली मराठी मुले आईवडिलांच्या कष्टांवर लिहावयास बसतात, तेव्हा निराळीच अडचण उभी राहते: भावना अस्सल असते, पण पानभर वाचूनही आईवडीलच उमगतात, मुलगा दिसत नाही.

माझ्या मते विषयाची थोरवी पाहूच नये. ज्या गोष्टीत आपले लक्ष कोणी न सांगता पुनःपुन्हा गुंतते, ती शोधावी. समजा, सातारा जिल्ह्यातील एखाद्या मुलीने आजोबांच्या पश्चात घरच्या शेतजमिनीच्या वारसनोंदीचे काम अंगावर घेतले. सातबाऱ्यावर आत्याचे नाव राहून गेल्याचे तिच्या ध्यानी आले. तलाठी कार्यालयात तिने फेरफाराची नक्कल मागितली, आणि आत्याचे नाव लागावे की नाही यावरून घरात चाललेली कुजबुज ऐकूनही तिने वारसनोंदीच्या अर्जातील आत्याच्या नावाची ओळ खोडली नाही. येथे ना पदक आहे, ना प्रवास. तरी न्याय आणि नाते यांच्या कात्रीत सापडलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलीची बुद्धी कशी चालते, हे त्या एका ओळीपाशी जितके उघड होईल तितके नेतृत्वगुणांवरील सबंध प्रबंधातही होणार नाही.

विषय पारखण्याची रीत साधी आहे. मनात घोळणाऱ्या दोन-तीन विषयांवर एकेक पान लिहून पाहावे. जेथे तपशील आपण होऊन येत जातात आणि शेवटी आपलेच मत लिहिता लिहिता थोडे सरकलेले आढळते, तो विषय ठेवावा. यास सवड हवी. लवकर निर्णय हवा असणाऱ्यांची मुदत बहुधा १ नोव्हेंबरला आणि इतरांची जानेवारीच्या आरंभी संपत असल्याने पावसाळ्यातच हे काम हाती घेतलेले बरे. मात्र भरमसाट फी घेणाऱ्या सल्लागाराच्या हाती त्या मुलीचा मसुदा गेला, तर आत्याचे नाव आणि घरातील कुजबुज हा भाग किरकोळ म्हणून प्रथम गाळला जाण्याचा संभव आहे, आणि तेथे मुलीने नम्रपणे पण ठामपणे नकार द्यावा.