एसएसडीला हवा डबा!

मंगळवारी रात्री पावणेदहाला माझ्या लॅपटॉपने मान टाकली. ना आवाज, ना धूर, ना ती नेहमीची निळी स्क्रीन. चार्जरचा दिवासुद्धा लागेना. बुधवारी सकाळी सर्व्हिस सेंटर गाठलं. काउंटरवरचा मुलगा मशीन आत घेऊन गेला, दहा मिनिटांनी बाहेर आला आणि ऑपरेशन थिएटरमधून आल्याच्या थाटात म्हणाला, ‘मॅडम, मदरबोर्ड गेलाय. नवीन टाकायचा तर सव्वीस हजार. आणि डेटाची गॅरंटी नाही हं!’

बोंबला! मदरबोर्डचं दुःख मी पचवलं असतं. चार वर्षांचा लॅपटॉप, ईएमआय कधीच फिटलेला. पण आत काय होतं? एका फीचरसाठी घेतलेले अकरा इंटरव्ह्यूज, त्यातल्या नऊ जणांचं बोलणं अजून उतरवूनही घेतलेलं नाही, आणि डेडलाइन शुक्रवारची. शिवाय ‘आजी’ नावाचा एक फोल्डर. दोन वर्षांपूर्वी गणपतीत आजीला समोर बसवून तिच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. बावन्न मिनिटं. त्याच दिवाळीत आजी गेली. ते रेकॉर्डिंग दुसरीकडे कुठेही नव्हतं. (हो, माहितीये. बॅकअप. तुमचा आहे का? मग गप्प बसा!)

माझा मावसभाऊ ठाण्यात राहतो, आयटी सपोर्टमध्ये आहे. रडकुंडीला येऊन त्याला फोनवर सगळं सांगितलं, तर पठ्ठ्या हसायलाच लागला. ‘अगं, बोर्ड गेला म्हणजे डेटा गेला असं कोणी सांगितलं तुला? एसएसडी वेगळी निघते. ती काढ, डब्यात घाल, यूएसबीला लाव.’

‘डब्यात?’

‘एन्क्लोजर गं. केसिंग. पेन ड्राइव्हचा मोठा भाऊ समज.’

लॅपटॉप ज्यावर चालतो तो बोर्ड वेगळा आणि फाइल्स जिथे राहतात ती एसएसडी वेगळी, ही गोष्ट मास कॉमची डिग्री घेतलेल्या मला २९व्या वर्षी कळली. बऱ्याच विंडोज लॅपटॉपमध्ये ती एका स्क्रूवर बसवलेली बोटभर लांबीची पट्टी असते. (मॅकबुकवाल्यांनो, सॉरी. तुमच्या अलीकडच्या मॉडेल्समध्ये स्टोरेजचं सगळं लॉजिक थेट बोर्डावरच्या चिपशी बांधलेलं असतं, त्यामुळे हा लेख तुम्हाला फक्त जुन्या विंडोज मशीनसाठी किंवा नवी एसएसडी विकत घेऊन बॅकअपसाठी वापरायला.) त्या पट्टीला यूएसबीची भाषा कळत नाही. डब्यात एक छोटी चिप असते, ती दुभाष्याचं काम करते. डब्याची सगळी करामत त्या चिपमध्ये, बाकी नुसतं ॲल्युमिनियम.

पहिला डबा चुकला

उतावळेपणा नडला. दादाने नीट सांगायच्या आतच मी बुधवारी संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या मोबाइलच्या दुकानातून साडेपाचशेचा डबा उचलला. घरी येऊन लॅपटॉपचं बूड उघडलं, आधी बॅटरीची पिन सोडवली, बारीक स्क्रू काढला आणि पट्टी टुणकन वर आली. इथवर सॉलिड! पण ती डब्याच्या खाचेत जाईचना. दादाला व्हिडिओ कॉल लावला, तर तो ओरडलाच, ‘जोर लावू नकोस!’

झालं होतं असं, की या पट्ट्या दिसायला सारख्या, पण जाती दोन. एक साटा, दुसरी एनव्हीएमई. साटा जुनी, तिचा वेग सेकंदाला साधारण साडेपाचशे एमबीच्या आसपास संपतो. एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पट पळते. ओळखायचं कसं? पट्टीच्या टोकाला सोनेरी दात असतात. त्यात एकच खाच असेल तर ती बहुतेक वेळा एनव्हीएमई, दोन खाचा असतील तर बहुतेक वेळा साटा. ‘बहुतेक’ म्हणतेय, कारण अपवाद आहेत. खात्रीचा उपाय म्हणजे स्टिकरवरचा मॉडेल नंबर इंटरनेटवर टाकून बघणं. माझी होती एनव्हीएमई आणि मी आणलेला डबा फक्त साटाचा. उलट प्रकारात तर जास्त फसगत होते. साटाची दोन खाचांची पट्टी एनव्हीएमईच्या डब्यात आरामात बसते आणि कॉम्प्युटरला काहीच दिसत नाही. माणसाला वाटतं, एसएसडीच मेली.

दुसरं बघायचं ते माप. पट्टीवर २२८० लिहिलेलं असतं, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. काही लॅपटॉपमध्ये आखूड २२३० किंवा २२४२ येते. डब्यात त्या त्या लांबीवर पट्टी अडकवायची सोय आहे ना, एवढं पाहून घ्या. सात-आठ वर्षांपूर्वीचा लॅपटॉप असेल तर आत पट्टीऐवजी अडीच इंची चपटी वडीही निघू शकते. तिचा डबा वेगळा, आणि तो सगळ्यात स्वस्त.

‘साटा या एनव्हीएमई?’

गुरुवारी दुपारी लॅमिंग्टन रोड. सरकारदरबारी तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून हे नाव कुणाला विचारून बघा! दुकानदाराने मान वर न करता विचारलं, ‘साटा या एनव्हीएमई?’ मी ऐटीत म्हटलं, ‘एनव्हीएमई. बाईस-अस्सी.’ त्याने मान वर केली. काल रात्रीची फजिती वसूल!

त्याने काचेवर चार डबे मांडले. पाच जीबीपीएस, दहा, वीस, चाळीस. हे आकडे बिट्सचे असतात, आपण फाइल्स मोजतो बाइट्समध्ये, म्हणून आठाने भागायचं. दहाच्या डब्यातून प्रत्यक्षात सेकंदाला हजार एमबीच्या आसपास मिळतात. ऑफिसची कामं, फोटो, रील्सचं एडिटिंग, सगळ्याला हे रग्गड. वीसचा डबा ऐकायला भारी, पण लॅपटॉपच्या पोर्टनेही तो वेग बोलायला हवा. बऱ्याच मशीन्सना तो येत नाही आणि गाडी मुकाट दहावर उतरते. चाळीसवाला यूएसबी-४चा डबा आठ हजारांच्या पुढे होता. तुम्ही लग्नाचे व्हिडिओ थेट डब्यावरून एडिट करत असाल तर विचार करा. मी नाही केला.

नावांचा गोंधळ मात्र डोक्याला शॉट आहे. २००८मध्ये यूएसबी ३.० म्हणून जे आलं, त्यालाच पुढे ३.१ जेन १ आणि मग ३.२ जेन १ म्हणायला लागले. वेग तोच, पाचचा! त्यामुळे खोक्यावर ‘३.२’ दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. ‘जीबीपीएस’च्या आधीचा आकडा वाचा.

मी घेतला १,७५० रुपयांचा, दहा जीबीपीएसचा, साटा आणि एनव्हीएमई दोन्ही चालणारा. आत रिअलटेकची आरटीएल ९२१०बी चिप. पैसे वाचवायचे म्हणून प्लॅस्टिकचा डबा अजिबात घेऊ नका. एनव्हीएमई पट्टी जाम तापते, आणि तापली की स्वतःला वाचवायला वेग कमी करते. ॲल्युमिनियमचा डबा ती उष्णता बाहेर फेकतो, म्हणजे डबा गरम लागला तर तो त्याचं काम करतोय. सोबत एक मऊ थर्मल पॅड मिळतो, तो पट्टी आणि झाकणाच्या मध्ये ठेवायचा. त्याच्या दोन्ही बाजूंची पारदर्शक फिल्म काढायची. दोन्ही! मी एकच काढली होती.

आणखी एक पैसे वाचवायची गोष्ट, नवी एसएसडी घेणाऱ्यांसाठी. दुकानदार सेकंदाला सात हजार एमबीची पट्टी गळ्यात मारू बघेल. दहाच्या डब्यात ती हजारावरच पळणार. साधी घ्या.

अठ्ठेचाळीस आकडे

रात्री ठाण्याला पोचले तेव्हा दादा शिफ्टवरून आला नव्हता. वहिनीच्या मॅकबुकला डबा लावला. स्क्रीनवर मेसेज: ही डिस्क वाचता येत नाही. खाली पर्याय, त्यातला एक ‘इनिशिअलाइझ’. माझं बोट तिकडे निघालंच होतं. वहिनीने हात धरला. ‘थांब गं. त्याला येऊ दे.’

वहिनी, या जन्मात तुझे उपकार फिटणार नाहीत. ते बटण नव्या कोऱ्या पट्टीसाठी असतं. जुन्या पट्टीवर ते दाबून पुढे ‘ओके’ करत गेलं, की तिथल्या फाइल्सवर पाणी. विंडोजमध्ये याचं भावंड म्हणजे ‘फॉरमॅट करायचं का?’ डेटा हवा असेल तर उत्तर एकच. नाही.

दादाने त्याच्या विंडोज लॅपटॉपला डबा लावला. ड्राइव्ह दिसला, पण त्यावर कुलूप. बिटलॉकर. हल्ली विंडोजच्या बऱ्याच लॅपटॉपवर, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. कुणी विचारत नाही, सांगत नाही. पट्टी त्याच लॅपटॉपमध्ये आहे तोवर पत्ताही लागत नाही. बाहेर काढून डब्यात घातली की ती मागते ४८ आकडी रिकव्हरी की. ही की त्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये, डिव्हाइसेसच्या यादीत साठवलेली असते.

अकाउंट कुठलं? कॉलेजच्या फर्स्ट इयरला उघडलेलं. पासवर्ड? राम जाणे. रिकव्हरीचा फोन नंबर? बाबांचा. बाबा रत्नागिरीला, वाजले होते साडेअकरा.

‘बाबा, मेसेज आला असेल बघा. त्यातला नंबर सांगा.’

‘कसला नंबर?’

‘ओटीपी.’

‘तूच सांगितलंयस, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. अगदी आवाज ओळखीचा वाटला तरी.’

दहा मिनिटं मी त्यांना मीच आहे हे पटवत होते. शेवटी आईने फोन घेतला, मी लहानपणी कुठल्या झाडावरून पडले ते विचारलं, आणि ओटीपी मिळाला. सहा-सहा आकड्यांचे आठ गट दादाने टाइप केले. कुलूप उघडलं.

फोल्डर तिथेच होता. मी पहिली फाइल उघडली, आजी खाकरली आणि म्हणाली, ‘सुरू झालं का गं ते?’ मग थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.

कॉपी सुरू केली तर १८० जीबीला सव्वा तास दाखवायला लागलं! दादाने केबल बघितली. मी माझ्या फोनच्या चार्जरची लावली होती. टाइप-सीचं टोक असलं तरी चार्जिंगच्या बऱ्याच केबल्स आतून यूएसबी २.०च्याच असतात, सेकंदाला पस्तीस-चाळीस एमबीवर अडकतात. डब्यासोबत आलेली आखूड केबल लावली आणि चहा होईपर्यंत काम संपत आलं. केबलवर दोऱ्याने गाठ मारून ठेवलीय आता, घरात इतर केबल्समध्ये हरवू नये म्हणून. डबा स्वस्तातल्या हबमध्येही लावू नका, थेट लॅपटॉपला लावा. वीज कमी पडली की मध्येच गायब होतो.

इंटरव्ह्यूज सकाळी उतरवले, लेख शुक्रवारी रात्री गेला. डेटा दोन ठिकाणी ठेवल्यावरच जुनी पट्टी फॉरमॅट केली. विंडोज आणि मॅक दोन्हीकडे वापरायची म्हणून एक्सफॅट. विंडोजचाच वापर असेल तर एनटीएफएस बरी, मध्येच वायर निघाली तर ती जास्त तग धरते. मॅक मात्र एनटीएफएस नुसती वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. आणि काढताना ‘इजेक्ट’ करा, लोकल पकडायची असली तरी. दोन-तीन महिन्यांतून एकदा मी ती लॅपटॉपला लावतेच, कारण वीज न मिळता वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या एसएसडीवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. ऑफिसच्या फाइल्स या डब्यात टाकायच्या फंदात पडू नका, आयटीवाले आणि एचआर दोघांच्या तावडीत सापडाल.

पुढच्या शनिवारी रत्नागिरीला चाललेय. बाबांचा २०१६चा लॅपटॉप दोन वर्षं माळ्यावर पडून आहे, चालू होत नाही. त्यात आईच्या निवृत्तीच्या समारंभाचे सगळे फोटो आहेत. अडीच इंची निघेल असा अंदाज आहे, म्हणून साटाचा साडेतीनशेचा डबा घेऊन ठेवलाय. स्क्रू-ड्रायव्हर बॅगेत टाकलाय. बाबांना पासवर्ड आजच विचारून ठेवला, आणि तो त्यांनी मला सांगितला नाही.