दोन जोव्हान्नी : पुतळा जेवायला येतो तेव्हा

मोझार्टचा ‘दोन जोव्हान्नी’ हा दोन अंकी ऑपेरा २९ ऑक्टोबर १७८७ रोजी प्रागमध्ये प्रथम रंगमंचावर आला. इटालियन संहिता लोरेन्झो दा पोन्ते यांची.

नायक स्पेनमधला स्त्रीलंपट उमराव. त्याचा नोकर लेपोरेल्लो मालकाच्या भानगडींची यादीच गाऊन दाखवतो : इटलीत ६४०, जर्मनीत २३१, फ्रान्समध्ये १००, तुर्कस्तानात ९१ आणि स्पेनमध्ये १००३! ऐकणारी एल्विरा ही त्याच यादीतली, फसवली गेलेली स्त्री. म्हणून ऐकताना हसू येते आणि काळजात कळही उठते.

पहिल्याच प्रवेशात जोव्हान्नी दोन्ना आन्ना या तरुणीच्या वडिलांना ठार करतो. पुढे दफनभूमीत त्यांच्याच पुतळ्याला तो गुर्मीत जेवायचे आमंत्रण देतो. पुतळा खरोखर येतो. सुरुवातीच्या वाद्यसंगीतातले गंभीर स्वर इथे परततात. ट्रॉम्बोन तर मोझार्टने पुतळ्याच्या प्रवेशांसाठीच राखून ठेवले आहेत. थंडगार दगडी हात जोव्हान्नीचा हात पकडतो. ‘पश्चात्ताप कर,’ पुतळा बजावतो. जोव्हान्नी शेवटपर्यंत नकार देतो आणि नरकाच्या ज्वाळा त्याला गिळतात.

खलनायक असूनही तो भित्रा नाही. म्हणूनच हा शेवट ऐकताना आजही अंगावर काटा येतो.