सिबिल स्कोअरसाठी क्रेडिट कार्ड घ्यावे का?

नोकरी लागून दोन-तीन पगार खात्यात जमा झाले की फोन सुरू होतात. "सर, तुमच्या नावावर प्री-अप्रूव्ह्ड कार्ड आहे, लाइफटाइम फ्री." मॉलच्या दारात, पेट्रोल पंपावर, स्टेशनबाहेर टेबल टाकून बसलेली मुलेमुलीही हेच विकत असतात. तीही बहुतेक आपल्यासारख्याच घरांतली, टार्गेटवर राबणारी, त्यामुळे त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. पण अलीकडे त्यांच्या बोलण्यात एक नवे वाक्य आले आहे : "कार्ड नाही घेतले तर सिबिल तयार होणार नाही, मग उद्या घरासाठी लोन कोण देणार?" वस्तीतल्या अभ्यासिकांमध्ये आम्ही बसतो तेव्हा तरुण-तरुणी हाच प्रश्न विचारतात. म्हणून त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले.

आधी उत्तर सांगतो. पगार नियमित असेल आणि दर महिन्याचे बिल पूर्ण भरता येत असेल, तर एक कार्ड घ्यायला हरकत नाही. केवळ स्कोअर बनवायचा म्हणून मात्र ते घेऊ नये. आणि उत्पन्नाचा भरवसा नसेल, किंवा अजून स्पर्धा परीक्षेची तयारीच चालू असेल, तर साधे क्रेडिट कार्ड मुळीच घेऊ नये.

स्कोअर कशाचा असतो

आपण कर्ज घेतले, हप्ते भरले किंवा चुकवले, याची माहिती बँका आणि वित्त कंपन्या पतमाहिती कंपन्यांना कळवतात. देशात अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. २००५ च्या कायद्याने त्यांचे नियमन होते. सिबिल सर्वांत जुनी, म्हणून स्कोअरलाच लोक "सिबिल" म्हणू लागले. हा आकडा ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो आणि साधारणपणे ७५० च्या पुढे गेला की बँका त्याला चांगला समजतात. हप्ते वेळेवर गेले का, कार्डाच्या मर्यादेपैकी किती वापरले, कर्जाची नोंद किती जुनी आहे, अलीकडे किती ठिकाणी कर्जासाठी अर्ज केले, यांवर तो मुख्यतः ठरतो.

पगार किती, शिक्षण किती, बचत किती, हे त्यात मोजले जात नाही. इथेच आपल्या घरांची एक अडचण आहे आणि तिच्याकडे फारसे कुणी लक्ष देत नाही. आपल्या मागच्या पिढीने कर्जे घेतली ती पालिका, एसटी, रेल्वे, गिरणी किंवा शाळा यांच्या कर्मचारी पतपेढीतून. हप्ता पगारातूनच कापला जायचा, चुकण्याचा प्रश्नच नव्हता. मुलीचे लग्न, घराचा पत्रा, मुलाची फी, सगळे त्यातून झाले. भिशीचेही तसेच. पण अशा पतसंस्थांचा आणि भिशीचा व्यवहार सहसा पतमाहिती कंपन्यांपर्यंत पोचत नाही. पंचवीस-तीस वर्षे एकही हप्ता न चुकवलेला माणूस त्यांच्या लेखी कोरा कागद असतो. याउलट ज्यांच्या घरी दोन पिढ्यांपासून बँकेचे गृहकर्ज आणि गाडीचे कर्ज चालत आले, त्यांची नोंद आपोआप तयार झालेली असते. स्कोअर तटस्थ आहे असे म्हणतात, पण तो कुठल्या प्रकारची परतफेड पाहतो आणि कुठली पाहत नाही, हे आधीच ठरलेले आहे.

तर मग नोंद नसलेल्याला कर्ज मिळतच नाही का? तसे नाही. केवळ पूर्वीचा कर्जइतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेचे म्हणणे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अर्थ मंत्रालयाने लोकसभेतही हे स्पष्ट केले. कर्जासाठी किमान अमुक स्कोअर हवाच, असा आकडा रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेला नाही. बँकेतला अधिकारी "सिबिल नाही, जा" एवढेच सांत्वन करून परत पाठवत असेल, तर नकाराचे कारण लेखी मागावे. व्यवहारात नोंद असलेल्याला कर्ज सोपे जाते आणि बऱ्याच बँका गृहकर्जाचा व्याजदर स्कोअर पाहून ठरवतात, हेही खरे. पण "कार्ड नाही तर घर नाही" ही विक्रीची भाषा आहे, नियमाची नाही.

तुमची नोंद कदाचित आधीच झालेली आहे

"माझ्या नावावर काहीच कर्ज नाही" असे सांगणाऱ्याने एकदा रिपोर्ट काढून पाहावा. दुकानात "नो कॉस्ट ईएमआय"वर घेतलेला मोबाइल हे कर्जच असते. अ‍ॅपवरून "आत्ता घ्या, नंतर भरा" म्हणत केलेली खरेदीही अनेकदा कर्ज म्हणून नोंदली जाते. शैक्षणिक कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात, म्हणजे मुलाने हप्ते चुकवले की पालकांचाही रिपोर्ट बिघडतो आणि धाकट्या बहिणीच्या कर्जाच्या वेळी ते पुढे येते. मित्राला जामीन राहिलात तर तीही नोंद तुमच्या नावावर असते. मायक्रोफायनान्स कंपनीचे गटकर्ज घेतलेल्या आईचीसुद्धा असते.

एक प्रकार आम्हाला वारंवार दिसतो. भावाचा रिपोर्ट आधीच खराब, म्हणून त्याच्या मोबाइलचा किंवा बाइकचा हप्ता बहिणीच्या पॅनकार्डावर काढायचा. पहिले सहा महिने तो भरतो, मग काम सुटते. बहिणीला फोन येतो तेव्हा कळते की आपण कर्जदार आहोत. घरातला माणूस म्हणून ती नाही म्हणत नाही. मुलींनो, यात नाही म्हणायला शिका. भावाला मदत करायची तर जमेल तेवढे पैसे द्या, पॅन आणि ओटीपी देऊ नका.

सांगायचे ते असे की, असलेला मोबाइलचा हप्ता किंवा शैक्षणिक कर्ज वेळेवर फेडत असाल, तर स्कोअर तयार होतोच आहे. त्यासाठी वेगळे कार्ड लागत नाही.

"मिनिमम ड्यू" हा खरा सापळा

कार्डाच्या बिलावर दोन आकडे असतात : एकूण देय आणि किमान देय. किमान देय भरले की उशिराचा दंड लागत नाही आणि खाते थकीतही दिसत नाही, म्हणून तरुणांना वाटते की काम झाले. हिशेब करून पाहू. समजा बिल २०,००० रुपयांचे आहे आणि किमान देय ५ टक्के, म्हणजे १,००० रुपये. कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज सर्रास लागते. २०,००० वर ते ७०० रुपये होते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १२६ रुपये. तुम्ही भरलेल्या हजारातले ८२६ रुपये व्याज आणि करातच गेले, मुद्दल कमी झाले १७४ रुपयांनी. शिवाय मागची बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत संपते, म्हणजे दुसऱ्या महिन्यात घेतलेल्या किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू. कार्डावर एटीएममधून रोख काढली तर व्याज त्याच दिवसापासून आणि वर वेगळे शुल्क.

साडेतीन टक्के महिन्याला, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला बिगरशेतकऱ्याच्या विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. कार्डाच्या थकबाकीवर ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. त्यामुळे आज तिथे कुठली वरची मर्यादा नाही. सावकाराच्या वहीला घाबरणारी आपली माणसे या प्लास्टिकच्या वहीला का घाबरत नाहीत, याचे आम्हाला नेहमी आश्चर्य वाटते. कदाचित इथे कुणाच्या ओट्यावर जाऊन हात पसरावे लागत नाहीत, म्हणून असेल.

बँकेच्या नोकरीची तयारी करणाऱ्यांसाठी

आपल्या समाजातली कितीतरी मुले बँक भरतीचा अभ्यास करत आहेत. त्यांनी भरतीची जाहिरात शेवटपर्यंत वाचावी. कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी असलेला, सिबिलचा प्रतिकूल अहवाल असलेला उमेदवार नेमणुकीस अपात्र, अशी अट स्टेट बँकेच्या जाहिरातींत असते. इतर सरकारी बँकाही रुजू होताना कर्जइतिहास तपासतात. २०२५ मध्ये असेच एक प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले. निवड झालेल्या उमेदवाराची नेमणूक स्टेट बँकेने रद्द केली होती. आपण सगळी कर्जे फेडली आहेत, असे त्याचे म्हणणे होते. मागच्या नोंदी पाहता न्यायालयाने बँकेचा निर्णय कायम ठेवला.

म्हणजे चार वर्षे अभ्यास, पूर्व, मुख्य, मुलाखत, आणि शेवटी अडथळा कशाचा, तर पुण्यात खोली घेऊन राहताना कार्डावर थकवलेल्या काही हजारांचा. बेरोजगारीच्या काळात उधारी कशी थकते हे आम्हाला ठाऊक आहे, त्यात त्या मुलाचा स्वभावदोष शोधायची गरज नाही. पण अट आहे, आणि ती माहीत असायला हवी. स्वतःचा उद्योग उभारू पाहणाऱ्यांनाही हे लागू होते. अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांसाठी २०१६ मध्ये आलेल्या स्टँड-अप इंडिया योजनेत १० लाख ते १ कोटीपर्यंतचे कर्ज होते, पण अर्जदार कुठल्याही बँकेचा थकबाकीदार नसावा ही अट तिथेही होती.

मग करायचे काय

स्कोअर हवाच असेल आणि पगाराची पावती नसेल, तर मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग आहे. पंधरा-वीस हजारांची ठेव बँकेत ठेवायची, बँक तिच्या काही टक्क्यांइतकी मर्यादा असलेले कार्ड देते. ठेवीवर व्याज चालू राहते. बिल थकलेच तर बँक ठेवीतून वसूल करू शकते, म्हणजे नुकसान ठेवीपुरते राहते. कंत्राटी कामगार, डिलिव्हरीचे काम करणारे, शिकवण्या घेणारे यांच्यासाठी हे बरे. ठेवीएवढेही पैसे बाजूला पडत नसतील, तर आधी तेवढी बचत करा, स्कोअर दोन वर्षांनी झाला तरी चालेल.

नियमित पगार असणाऱ्याने एकच कार्ड घ्यावे. त्यावर मोबाइल रिचार्ज, वीजबिल असा ठरलेला खर्च टाकावा, मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत राहावे आणि पूर्ण बिलाचे ऑटो-पेमेंट लावून टाकावे. सहा महिन्यांत स्कोअर दिसू लागतो. पाच ठिकाणी एकदम अर्ज करू नयेत, प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर नोंदली जाते. आपला स्कोअर आपणच तपासल्याने मात्र तो कमी होत नाही, ही भीती काढून टाका. मित्राच्या खरेदीसाठी कार्ड देऊ नये, "कॅश फिरवून देतो" म्हणणाऱ्याला तर अजिबात नको. न मागता कार्ड आले तर ते सुरू करू नका. संमतीशिवाय कार्ड देणे रिझर्व्ह बँकेच्या नियमांविरुद्ध आहे. आणि नको असलेले कार्ड बंद करायचा अर्ज दिला, बाकी काही नसेल, तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद व्हायला हवे. त्यापुढे प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने द्यायचे असतात.

ज्यांचे कार्ड आधीच थकले आहे त्यांना वसुलीवाले "सेटलमेंट" सुचवतात : चाळीस हजारांचे वीस भरा आणि मोकळे व्हा. अगदीच दुसरा मार्ग नसेल तर ते करावे लागते, पण रिपोर्टवर "सेटल्ड" असा शेरा बसतो. बँकेच्या दृष्टीने त्याचा अर्थ, या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत. पतमाहिती कंपन्या नोंदी किमान सात वर्षे ठेवतात. शक्य असेल तर बँकेकडे थकबाकीचे हप्ते पाडून मागा, पूर्ण फेडा, "क्लोज्ड" असा शेरा आणि नो ड्यूज प्रमाणपत्र घ्या.

रिपोर्ट काढायला एजंटला पैसे देऊ नका. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत देणे बंधनकारक आहे, आपापल्या संकेतस्थळावर तो मिळतो. त्यात न घेतलेले कर्ज किंवा फेडलेले कर्ज थकीत दिसत असेल, तर त्याच ठिकाणी तक्रार नोंदवा आणि संबंधित बँकेलाही लेखी कळवा. नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या रिपोर्टवर येण्याचे प्रकार घडतात. जाधव, कांबळे, गायकवाड अशा आडनावांच्या मंडळींनी विशेष बघावे. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे. तरीही दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर विनाशुल्क तक्रार करता येते. तिथे पहिल्या तक्रारीची तारीख आणि क्रमांक विचारतात, तेव्हा तो लिहून ठेवा.