मळवलीत छापलेलं राजवैभव

कार्ल्या-भाज्याची लेणी किंवा लोहगड पाहायचा म्हणून लोक मळवली स्टेशनवर उतरतात. याच मळवलीत एकेकाळी चित्रकार राजा रविवर्म्याचा छापखाना होता, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

त्या छापखान्याने काय बदललं हे कळायला आधी युरोपाकडे पाहावं लागतं. चित्रातून सत्ता दाखवायची तिथली रीत सरळ होती. इंग्लंडमध्ये १७०७ साली निघालेल्या ‘ब्रिटानिया इलस्ट्राटा’त सरदारांचे वाडे, बागा आणि शिवार उंचावरून पाहिल्यासारखे कोरले आहेत. नजर पोचेल तिथवर जमीन एकाच घराण्याची. चित्र कसलं, तो सातबाराच!

आपल्याकडे वेगळं घडलं. १८८८ च्या सुमारास सयाजीराव गायकवाडांनी रविवर्म्याकडून पुराणप्रसंगांची चौदा चित्रं करवून घेतली, ती बडोद्याच्या राजवाड्यासाठी. त्याच्या चित्रांच्या रंगीत प्रती युरोपात छापून घ्याव्यात, असं बडोद्याचे माजी दिवाण टी. माधवराव यांनी सुचवलं होतं. रविवर्म्याने त्यापुढे जाऊन १८९४ मध्ये मुंबईत स्वतःचाच छापखाना काढला. यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आले. मुंबईत प्लेग पसरला आणि १८९९ मध्ये छापखाना मळवलीला हलला.

काम अतिशय चिकाटीचं. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, त्यावर ठिपक्याठिपक्यांनी उतरवलेलं चित्र आणि तोच कागद पुन्हा पुन्हा दाबाखाली. दगड जरा सरकला की देवीचा चेहरा बिघडलाच.

या कागदांवर जरीकाठाची भरजरी साडी नेसलेली, दागिन्यांनी मढलेली लक्ष्मी घरोघरी गेली. संस्थानिकाच्या पदरी असलेलं वैभव देवीच्या अंगावर चढलं आणि धन्याचं नाव गळून पडलं. मला हे त्या छापखान्याचं सर्वांत मोठं काम वाटतं. ज्याला राजवाड्याच्या देवडीवरही कुणी उभं केलं नसतं, त्याच्या देवघरात ते वैभव थाटात येऊन बसलं. हौशी बायकांनी त्या तसबिरींवर खरी जर आणि टिकल्या शिवल्या. दरबारी ऐश्वर्य त्यांनी आपल्या हातांनी वाढवलं.

रविवर्म्याला मात्र या उद्योगाने कर्जात लोटलं. १९०३ च्या सुमारास छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला आणि चित्रं कॅलेंडरांवर, काडेपेट्यांवरही झळकू लागली. दादासाहेब फाळके काही काळ याच छापखान्यासाठी काम करत होते. पुढे १९१३ मध्ये त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढून पुराणकथा पडद्यावर आणली. १९७२ च्या आगीत छापखाना जळाला. दगड आणि छापील चित्रांचा मोठा साठा त्यात गेला. त्या दगडांवर ठिपके देणाऱ्या बहुतेक कारागिरांची नावं तर चित्रांखाली कधी छापलीच गेली नव्हती.