अपंग विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठीय सोयी
दृष्टी, श्रवण, हालचाल किंवा अध्ययनक्षमता यांतील न्यूनतेमुळे विद्यार्थ्यास येणारे अडथळे दूर करण्यासाठी अध्यापन, परीक्षा व परिसर यांत केलेल्या आवश्यक फेरबदलांचा यात समावेश होतो. त्यांमुळे अभ्यासक्रमाची पातळी खालावत नाही. ज्ञान ग्रहण वा व्यक्त करण्याचा मार्ग तेवढा बदलतो. उदा., अंध विद्यार्थी उत्तर तोंडी सांगतो व लेखनिक ते शब्दशः उतरवून घेतो. येथे कसोटी लागते ती विषयज्ञानाची, लेखनक्रियेची नव्हे.

कायदेशीर आधार : संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारास (२००६) भारताने २००७ मध्ये अनुसमर्थन दिले. पुढे १९९५ च्या अधिनियमाच्या जागी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आला व तो १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. शासकीय व शासकीय अनुदान घेणाऱ्या उच्च शिक्षणसंस्थांत किमान ४० टक्के अपंगत्व असणाऱ्यांसाठी निदान ५ टक्के जागा राखीव असून वयोमर्यादेत ५ वर्षांची सूट आहे.

परीक्षा व अध्ययनसाधने : केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखनात अडचण असलेल्या पात्र परीक्षार्थीस दर तासामागे किमान २० मिनिटे भरपाई वेळ मिळतो; म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेस चार तास. विद्यार्थ्याने स्वतः आणलेल्या लेखनिकाची शैक्षणिक पात्रता २०१८ च्या या सूचनांनुसार त्याच्यापेक्षा एक पायरी खालची असावी लागे. ४० टक्क्यांहून कमी अपंगत्व, या एकाच कारणाने लेखनिक नाकारता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला. ब्रेल व ध्वनिमुद्रित पुस्तके आणि संगणकावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रणाली ही प्रमुख साधने होत. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिहीनांसाठी २००३ मध्ये असे साधनकेंद्र सुरू झाले.

ग्रामीण भागातील प्रश्न : या सोयी प्रत्यक्षात मिळणे अंतरावरही अवलंबून असते. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे डोंगराळ, आदिवासीबहुल तालुके असून तेथे लोहमार्ग नाही. जामसरसारख्या गावातून महाविद्यालयात जाणाऱ्या अपंग विद्यार्थ्यास उतरता रस्ता (रॅम्प) इमारतीच्या दाराशी उपयोगी पडतो. पण तत्पूर्वी एसटीच्या उंच पायऱ्या चढाव्याच लागतात. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी रुग्णालयाच्या खेपा, त्यापायी बुडणारी घरची मजुरी आणि योग्य पात्रतेचा लेखनिक शोधणे, हा भारही त्याच्याच कुटुंबावर पडतो. घरची बोली वारली वा कोकणा असल्यास सांगितलेले उत्तर प्रमाण मराठीत अचूक उतरविणारा लेखनिक मिळणे आणखी अवघड होते. म्हणून लेखनिकांची यादी महाविद्यालयानेच आधी सिद्ध ठेवणे, प्रवेशाच्या वेळीच गरजांची नोंद घेणे आणि वसतिगृहात तळमजल्यावर जागा देणे, हे अल्पखर्चाचे उपाय अशा भागात विशेष महत्त्वाचे ठरतात. त्यांच्या अभावी अधिनियमाने दिलेला हक्क विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नाही व शिक्षण अर्धवट सुटण्याचा धोका राहतो.