मनी प्लांट घरात ठेवा, पण पाणी बेताने

पावसाळ्यात तापाचा रुग्ण आला आणि डेंग्यूची शंका वाटली, की मी घरच्या मंडळींना हमखास विचारतो, "घरात पाणी कुठे कुठे साठून असते?" कूलर, ड्रम, गच्चीवरचे जुने टायर ही नावे लगेच येतात. फ्रिजवर किंवा टी.व्ही.शेजारी ठेवलेली मनी प्लांटची बाटली मात्र क्वचितच कुणाला आठवते. म्हणून आज या झाडाविषयी थोडे.

मनी प्लांट घरात लावू नये, असे मला मुळीच म्हणायचे नाही. आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, अंगणातली झाडे माना टाकतात. अशा वेळी घरात थोडी हिरवळ असली की डोळ्यांना बरे वाटते. हे झाड मोठे सोशिक. मूळचे ते दक्षिण प्रशांत महासागरातील बेटांवरचे, मोठ्या झाडांच्या सावलीत बुंध्यावर चढणारे. त्यामुळे कमी उजेडाची त्याला सवय आहे. चोरून आणले तरच ते लागते, हा निव्वळ समज. पेरासह कापलेली फांदी शेजारणीकडून मागून आणली, तरी तितकीच फुटते.

खिडकीपासून दोन-तीन फुटांवर, थेट ऊन लागणार नाही अशी जागा त्याला पुरते. पानांवरचे पिवळे-पांढरे पट्टे नाहीसे होऊ लागले, तर उजेड कमी पडतो आहे असे समजावे. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पानांवरची धूळ पुसावी.

हे झाड बहुतेक वेळा मरते ते अति पाण्याने. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. शेतात हा तिचा गुण, कुंडीत मात्र दोष. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि पाने पिवळी पडतात. माणूस समजतो झाड तहानले, आणि आणखी पाणी ओततो! म्हणून काळी माती, रेती आणि चांगले कुजलेले शेणखत समप्रमाणात घ्यावे. कुंडीला तळाशी छिद्र हवेच. बोट मातीत इंचभर घालून पाहावे, कोरडे लागले तरच पाणी द्यावे.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांच्या बऱ्याच गावांत, बोअरचे पाणी खारे असते. त्याने पानांची टोके करपतात, मातीवर पांढरा थर येतो. तेथे शक्यतो साठवलेले पावसाचे किंवा नळाचे पाणी वापरावे. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी तर अधिकच क्षारयुक्त, ते टाळावे.

आता मुख्य मुद्दा डासांचा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात नव्हे, घरातल्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. मादी पाण्याच्या पातळीलगत भांड्याच्या आतल्या बाजूला अंडी चिकटवते. ही अंडी कोरडी राहिली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागताच त्यांतून अळ्या निघतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून पाणी आठवड्याच्या आत बदलायचे, आणि नुसते बदलायचे नाही, तर बाटली आतून ब्रशने घासायची, मुळेही धुवायची. बाटलीच्या तोंडाला फांदीभोवती कापसाचा बोळा घट्ट बसवावा. कुंडीखालच्या ताटलीतले पाणी ओतून द्यावे किंवा तीत रेती भरावी. त्याहून सोपे म्हणजे झाड बाटलीतून काढून मातीतच लावावे.

घरात रांगते मूल असेल, तर वेल त्याच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर ठेवावी. मनी प्लांट हे अळूच्या कुळातले. कच्च्या अळूने घसा खाजतो, तशीच सुईसारखी स्फटिके याच्या पानांतही असतात. डंबकेन तर याहून त्रासदायक. मुलाने पान चावले, तर तोंडातले तुकडे काढून तोंड पुसावे व थंड पाणी किंवा दूध थोडे थोडे पाजावे. ओकारी काढू नये. जीभ सुजली, गिळता येईना किंवा श्वास लागला, तर विलंब न करता दवाखाना गाठावा.

शेवटी हवेविषयी. 'नासा'च्या १९८९च्या प्रयोगात झाडांनी हवा शुद्ध केली, असे सांगून कुंड्या विकल्या जातात. तो प्रयोग बंद पेट्यांत झाला होता. २०१९ साली अशा प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा दिसले की साध्या वायुविजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान १० झाडे लागतील. तेव्हा धूर आणि कोंदटपणा घालवायला खिडकीच उघडावी. रात्री झाड खोलीत असले तर गुदमरते, ही भीतीही खोटी. शेजारी झोपलेला माणूस त्याहून कितीतरी अधिक कार्बन डायऑक्साइड सोडतो.

आठवड्याचा एक वार ठरवा. त्या दिवशी कूलर, ड्रम, रांजण घासून कोरडे करताना मनी प्लांटची बाटलीही त्या यादीत असू द्या.